मागच्या दारची बाळंतीण

आमच्या रांगेत सगळ्यांच्या मागे खोल्या आहेत. आमच्या मागे मुंगसं आहेत. हे मी कुणालाही ताठ मानेने सांगते, आणि ऐकणारा हसला तर पुन्हा सांगते.

मुलुंड पूर्वेला, मिठागरांच्या अलीकडे, आमची बैठी चाळ आहे. सासरे गिरणीत होते तेव्हा त्यांनी ही खोली घेतली. तेव्हा इथे कोण यायला तयार नव्हतं म्हणे. प्रत्येक खोलीच्या मागे एका खोलीएवढी मोकळी जागा होती, तिच्यामागे कंपाउंडची भिंत, भिंतीपलीकडे नाला. हळूहळू एकेकाने मागे पत्रे टाकले, मग विटा आल्या, मग लाद्या, मग एसी. आता या टोकापासून त्या टोकापर्यंत मागच्या मागे भिंतीच भिंती. आमचंच काय ते उघडं राहिलं. तिथे अळू आहे, एक शेवगा आहे, आणि घरावरची जुनी कौलं काढून पत्रे घातले तेव्हा सासऱ्यांनी रचून ठेवलेला कौलांचा ढीग आहे. ‘लागतील कधीतरी’ म्हणून ठेवली होती. आम्हाला काही लागली नाहीत, मुंगसांना लागली.

मी म्युन्सिपाल्टीच्या प्रसूतिगृहात आया होते. उभी हयात बाळंतिणींच्या खाटांमधून फिरण्यात गेली. घरी आले की चहाचा कप घ्यायचा आणि मागच्या पायरीवर बसायचं, हा माझा नेम. बसल्या बसल्या जे दिसायचं ते बघायचं. भारद्वाज यायचा, भिंतीवरून धिम्या चालीने जायचा. एकदा एक घोरपड नाल्यातून वर आली आणि अळूत दिवसभर बसून राहिली. शेजारची ओरडत सुटली, मी तिला गप्प केलं. म्हटलं, ती तुझ्या घरी चहा मागायला आलेली नाही. पण खरी घरची म्हणावीत अशी मुंगसंच. सकाळी ऊन पायरीवर आलं की कौलांतून आधी नाक बाहेर, मग डोळे, आणि मग सगळं अंग सळकन. नवरा लहानपणी गावाला करायचा तसं अजून करतो. मुंगूस पाठमोरं दिसलं की हळू आवाजात त्याला रामाची शपथ घालतो आणि तोंड दाखव म्हणतो. आणि ते वळून बघतं! बघितलं की हा दिवसभर खूश. ‘इलां गो, तोंड दाखवून गेलां,’ करत आत येतो. साठीला आलेला माणूस.

माझं प्रेम तसलं नाही. मी शुभ-अशुभ मानत नाही. मी त्यांची काळजी घेते म्हणजे काय करते, तर फारसं काही करत नाही आणि दुसऱ्यांना करू देत नाही. पाण्याची पसरट परात ठेवते, रोज धुते. खायला घालत नाही. समोरचे आजोबा अंडं ठेवायला आले होते, त्यांना परत पाठवलं. त्याला त्याचं पोट भरता येतं, तुम्ही नातवाला घाला म्हटलं. आणि उंदरांचं औषध. त्यावरून मी अख्ख्या रांगेशी भांडले आहे. औषध खाल्लेला उंदीर मुंगसाने खाल्ला की त्याची वाट लागली. मी दारोदार जाऊन सांगितलं. गोड बोलून पटलं नाही तेव्हा तोंडाचा पट्टा सोडला. आता आमच्या रांगेत कुणी औषध टाकत नाही. काही जण मला घाबरून, काही जण उंदीरच दिसत नाहीत म्हणून. दोन्ही मला चालतं.

तर अशात मुलाचं लग्न ठरायला आलं.

मुलगी त्याने स्वतःच शोधली होती. जोगेश्वरीची, एका लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करते. मला आवडली. बोलायला फटकळ, पण नजर खाली घालत नाही. तिचे वडील मात्र पक्के. त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की मुलीला स्वतंत्र खोली पाहिजे. ‘आम्ही एका खोलीत सहाजण वाढवले, पण तिने पुन्हा तेच दिवस काढू नयेत,’ असं फोनवर म्हणाले. त्यात चूक काहीच नव्हतं. मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच म्हटलं असतं. आमच्याकडे पुढची खोली, आतली खोली आणि स्वयंपाकघर. आतल्या खोलीतून सगळ्यांची ये-जा. म्हणजे नवीन खोली निघाली तर मागेच निघणार. हे घरात कुणी मोठ्याने बोललं नाही, पण सगळ्यांना कळत होतं. मीही मनातल्या मनात कबूल झाले होते. पोटच्या पोरापुढे मुंगसं कुठे लागतात?

मिस्त्री गणपतीला गावी गेला होता, तो आला आणि दुसऱ्याच दिवशी टेप घेऊन मागे उतरला. चुन्याने रेघा मारल्या. दिवाळीच्या आत खोली उभी करतो म्हणाला, नंतर आपल्याला टाइम नाही. तुळशीचं लग्न लागलं की आमचं लग्न, असं साधारण ठरत होतं. मुलगा एकदम खूश. बायकोसाठी कपाट कुठे बसवायचं ते हवेत हात करून दाखवत होता.

त्या संध्याकाळी मी पायरीवर बसले होते. मादी बाहेर आली, परातीपाशी गेली, पाणी प्यायली. आणि वळली तेव्हा माझ्या लक्षात आलं. पोट सैल पडलेलं, खाली लोंबणारं, आणि आचळं भरलेली. इतकी वर्षं हेच बघण्यात गेली आहेत माझी, मला कुणी सांगायला लागत नाही. बाळंत झाली होती. थोडं पुढे वाकून कान दिला तर कौलांच्या आतून बारीक चीं-चीं ऐकू आली. चुन्याची रेघ त्या ढिगाच्या बरोबर मधून गेली होती.

मी उठले, आत गेले आणि सांगितलं, ‘मिस्त्रीला थांबव.’

मुलाने डोक्याला हात लावला. ‘आई, यार, तू पण ना! मुंगूस आहे ते. दुसरीकडे जाईल.’

‘कुठे जाईल? भिंतीपलीकडे कुत्री आहेत, वर कावळे बसलेत. तोंडात धरून एकेक पोर नेणार ती, आणि मागे राहिलेल्यांना कोण बघणार? आमच्या प्रसूतिगृहात बाळंतिणीला खाटेवरून हलवायला डॉक्टर लागायचा. तुझा मिस्त्री डॉक्टर आहे का?’

‘मग मी काय करू? लग्न करू नको?’

‘थोडं थांब. पोरं बाहेर पडेपर्यंत.’

‘आणि मिस्त्री निघून गेला की? तिच्या बाबांना काय सांगू, आमच्याकडे डिलिव्हरी आहे म्हणून?’

नवऱ्याला हसू आलं, पण माझ्याकडे बघून त्याने ते गिळलं. मुलगा जेवला नाही. मिस्त्रीला मीच फोन केला. तो म्हणाला, ‘मावशी, मी येतो तेव्हा पैशासाठी थांबवतात, पाण्यासाठी थांबवतात. हे मी पहिल्यांदा ऐकतोय.’

आणि नेमके त्याच रविवारी मुलीकडचे आले. वडील, आई आणि ती. मुलाने मला बजावून ठेवलं होतं, आई, तू मुंगसाचा म सुद्धा काढायचा नाही, खोलीचं काम सुरू होतंय एवढंच सांगायचं. मी बरं म्हटलं. खोटं नव्हतंच ते, उशीरच तेवढा होणार होता. पोहे झाले, चहा झाला, गावाकडच्या ओळखी निघाल्या. मग वडील म्हणाले, ‘चला, जागा तर बघू.’

मागचं दार उघडलं. ते पायरीवर उभे राहिले. ऊन होतं. कौलांच्या कडेला ती बसली होती, पाठमोरी. माणसाची चाहूल लागली तशी वळली, सरळ त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि आत गेली.

‘मुंगूस,’ ते म्हणाले. चेहरा जरा सैल झाला. ‘शुभ असतं म्हणतात. बरं, खोली कुठून कुठपर्यंत?’

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. मला खरंच ‘इथून इथपर्यंत’ म्हणायचं होतं. पण समोर तो ढीग होता, त्याच्यावरून जाणारी ती रेघ होती. मला एकदम दिसलं की आज पोरं वाचतील, पण लादी पडल्यावर पुढच्या खेपेला ही कुठे जाणार? तेरड्याच्या रंगासारखी तीन दिवसांची गोष्ट नव्हती ही. ती दर वर्षी बाळंतपणाला इथेच येत होती. आमच्याच भरवशावर येत होती. मी म्हटलं, ‘भाऊ, खोली होणार नाही. आत्ता नाही आणि नंतरही नाही. तिची पोरं आहेत तिथे.’

 नवरा जमिनीकडे बघत राहिला. मुलगा माझ्याकडे असा बघत होता की मला त्याच्या डोळ्याला डोळा देता येईना. मुलीच्या आईने पदर सावरला. वडील आत येऊन चपला शोधू लागले.

‘कळवतो, ताई,’ म्हणाले.

लग्नाच्या बोलण्यात कळवतो म्हणजे काय, ते मला माहीत होतं.  मुलीने जाताना दारातून एकदा वळून मागच्या दाराकडे बघितलं.

मग घरात जे सुरू झालं ते नको रे बाबा. मुलगा माझ्याशी बोलेना. डबा घ्यायचा, जायचा, यायचा, मोबाइलमध्ये तोंड घालून बसायचा. तिचा फोनही त्याला नीट येत नव्हता, ‘घरी बोलणं चालू आहे’ एवढंच. चाळीत बातमी पसरायला वेळ लागत नाही. नळावर एकीने मला ऐकू जाईल असं म्हटलं, ‘मुंगसापायी पोराचा संसार मोडला.’ मी तिला तिथेच खडे बोल सुनावले. पण घरी येऊन दार लावून घेतलं. मला खोटं बोलायचं नाही. भीती वाटली. आपण चुकलो असं वाटलं नाही, पण आपल्या बरोबर असण्याची किंमत पोराने द्यायची का, हा प्रश्न काही केल्या सुटेना. रोज पायरीवर बसायचे आणि त्या ढिगाला म्हणायचे, बाई गं, तुला काही कळतंय का?

तिला काय कळणार! ती आपली येत होती, जात होती. एकदा सरडा घेऊन आली, एकदा उंदीर.

एका दुपारी मी तांदूळ निवडत होते. दारात रिक्षा थांबली. मुलगी. एकटीच. लॅबची बॅग खांद्याला.

‘काकू, ती आहे ना अजून?’

मी नुसती मान हलवली. ती चपला काढून सरळ आतून मागे गेली आणि माझ्या पायरीवर बसली. मीही जाऊन शेजारी बसले. 

‘बाबांशी रोज भांडण चालू आहे,’ ती म्हणाली. ‘ते म्हणतात, ज्या घरात सुनेपेक्षा मुंगूस मोठं, तिथे तुझं काय होणार? मी पण दोन दिवस तोच विचार केला. राग आला होता मला तुमचा. खरं सांगते.’

‘यायचाच.’

‘मग ताईची आठवण झाली. माझी मोठी बहीण. तिला नववा लागला होता तेव्हा तिच्या सासरी लाद्या बदलायला काढल्या. घरात धूळ, सिमेंट, बसायला जागा नाही. सासू म्हणाली, माहेरी जा, आमचं काम अडतंय. तसल्या पोटाने ती बॅग उचलून बसने आली, काकू. आमच्या त्या एका खोलीत बाळंत होऊन राहिली. आणि बाबा तिच्या सासूला एक शब्द बोलले नाहीत.’

 तिने कौलांकडे बघितलं.

‘काल मी बाबांना सांगितलं. खोली काय, आज नाही तर उद्या कुठेही मिळेल. पण ही बाई पोराचं लग्न मोडायची पाळी आली तरी एका बाळंतिणीला हलवू देत नाही. मला हीच सासू पाहिजे.  आज सकाळी बाबा म्हणाले, तारीख काढा.’

 प्रसूतिगृहात इतकी वर्षं काढली, किती बायकांची अंगं पुसली, किती पोरं हातात घेतली. निवृत्तीच्या दिवशी नारळ दिला, शाल दिली. पण माझ्या त्या सगळ्या कामाला कुणी असं ओळखलं नव्हतं. आणि ओळखलं कुणी, तर या कालच्या पोरीने. अभिमानाने ऊर भरून आला तो माझा मला सोसेना.

‘आणि पोटमाळा काढा पण,’ ती लगेच म्हणाली. ‘तेवढा पाहिजेच. शिडी चालेल मला.’

‘काढू गं बाई! उद्याच्या उद्या मिस्त्रीला बोलावते!’ मी म्हटलं आणि मला रडू फुटलं. मी रडणारी बाई नाही. पण असं फुटलं की हुंदके शेजारपर्यंत गेले असतील.

तिने माझा हात घट्ट धरला आणि दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं.

‘काकू, हळू ना,’ ती म्हणाली. ‘तिची पोरं झोपली असतील.’