मास्तरकडचा ब्रेक

लातूरहून निलंग्याला जाताना एसटीत माझ्या शेजारी एक म्हातारा बसला होता. दर वळणाला तो पायानं खालचा पत्रा दाबायचा. मी म्हणलं, "पाव्हणं, मुंग्या मारायलाव का?"

"ब्रेक मारतोय. ड्रायव्हिंग स्कूल होतं माझं. शिकाऊ गाडीत मास्तरकडं बी ब्रेक असतो. आता पोरं बापाच्याच गाडीवर शिकतात, म्हणून बंद केलं. गाडी विकली, तर घेणाऱ्यानं पहिल्यांदा माझाच ब्रेक काढून टाकला."

मग तो हसला. "गाडी मी थांबवायचो, पोरांना वाटायचं आपणच थांबवली. मी कधी बोललो न्हाई."

औश्याला तो उतरला. पुढच्या वळणाला माझाच पाय दाबला गेला, आन् बस हळू झाली. सायकलीशिवाय मी काही चालवलं न्हाई. पण मीबी ड्रायव्हरला काही बोललो न्हाई.