टॉवरपुढचा नारळ

मी फौजेच्या सिग्नल्समधला, म्हणजे रेडिओ-संपर्क विभागातला, रिटायर्ड हवालदार. शेवटचं पोस्टिंग उत्तरेकडच्या एका उंच पोस्टवर होतं. दोन बंकर, अँटेनाचा एक उंच मास्ट, रेशन आणणारी खेचरं आणि आम्ही सात जण. नाईक दिगंबर माझा ऑपरेटर. तो मंठ्याचा, मी अंबड तालुक्यातला. त्यामुळे रेडिओ सेटवर हिंदी आणि चहाला मराठवाडी, असा आमचा कारभार.

सिव्हिलियन माणसाला वाटतं, सिग्नलवाल्याचं काम बोलण्याचं. निम्मं काम जमिनीचं असतं. मास्टवर वीज पडली तर तिला जमिनीत पसरायला वाट लागते. त्या वाटेला आम्ही अर्थ म्हणायचो. पोस्टवर वीतभर मातीखाली खडक होता. रॉड ठोकला की ठण्ण वाजून थांबायचा. मी वैतागलो तेव्हा दिगंबर म्हणाला, "खाली जाईना तर आडवं जाऊ, उस्ताद."

आठवडाभर खपून त्याने तांब्याच्या लांब पट्ट्या चारी दिशांना चरात पुरल्या. रोज पहाटेचा स्टँड-टू, म्हणजे हत्यारबंद पहारा, झाल्यावर सगळे जोड हाताने ओढून बघायचा. मी चेष्टा करायचो, "नवरी हाय का ती, रोज बघायला?"

एका दुपारी वादळ चढून आलं. गडगडाटाने खेचरं बिथरली आणि त्यांच्या पायांनी बंकरबाहेरची पट्टी जोडातून उपसली. रेशनची दुसरी पार्टी वाटेत अडकली होती आणि सेटवर आमच्याशी बोलत होती, त्यामुळे सेट बंद करता येत नव्हता. दिगंबर पाना घेऊन उठला.

"थांब. ढग जाऊ दे."

"जोड निघलाय, उस्ताद. आत सगळे बसलेत."

तो गेला. थोड्या वेळाने बाहेरून हाक आली, "जोडली." पाठोपाठ वीज पडली. आत कुणाला काही झालं नाही. सेटही चालू राहिला. त्याच सेटवरून मी कळवलं, "वन कॅज्युअल्टी. नाईक दिगंबर. ओव्हर."

"रॉजर. आऊट."

रिटायर होऊन गावी आलो. हॅम रेडिओची परीक्षा दिली, लायसन्स काढलं आणि गेल्या हिवाळ्यात घरामागे टॉवर उभा केला. तो शेजारी राहणाऱ्या लिंबाजीच्या बांधाला लागूनच आहे. बघायला गाव जमलं. लिंबाजी न सांगता मुकादम झाला होता.

अर्थिंगचा रॉड कमरेइतका आत गेला आणि खडकाला टेकला. आता आडवं जायचं, हे मला ठाऊक होतं. दोन पट्ट्या लिंबाजीच्या वावरातून न्यायला लागणार होत्या. पण तो नुकताच सगळ्यांना सांगत होता, "फौजीचं काम म्हंजी बिलकुल पक्कं." रॉड अडला, हे म्हणायला माझी जीभ रेटेना. वर उरलेला रॉड मी कापून टाकला, त्यावर सिमेंटचा चौथरा केला आणि सगळ्यांना चहा पाजला. त्या संध्याकाळी लांबलांबची स्टेशनं लागली. मी खुशीत होतो. दिगंबरची आठवणसुद्धा आली नाही. मला सगळ्यात जास्त लाज याचीच वाटते.

मे महिन्यात अवकाळी आला आणि टॉवरवर वीज पडली. बांधावरच्या खुंट्याला बांधलेली लिंबाजीची गाय उभ्या जागी कोसळली. तिला सोडायला निघालेली त्याची सून अजून दारातच होती.

दुसऱ्या दिवशी लिंबाजी नारळ घेऊन आला.

"फौजी, तुमच्या टावरनं ईज वढून घेतली. न्हाईतर आमच्या पत्र्यावरच पडली आस्ती. गाय गेली, पन सूनबाई वाचली."

त्याने चौथऱ्याला कुंकू लावलं, नारळ फोडला आणि माझ्या हातावर खोबरं ठेवलं. मी ते खाल्लं.

चार दिवसांनी आभाळ पुन्हा भरून आलं. सून त्याच खुंट्याला कालवड बांधत होती. मग मात्र मला राहवेना. मी जाऊन कालवड सोडवली, लिंबाजीला बाहेर बोलावलं आणि सगळं सांगितलं. टॉवरवरची वीज खोल उतरली नाही, वरच्या मातीतून गायीच्या पायाखाली गेली, हेही सांगितलं.

"म्हंजी पट्ट्या टाकल्या आस्त्या, तर गाय वाचली आस्ती?"

"बहुतेक."

तो चौथऱ्याकडे वळला. "आन् मी नारळ फोडला." मग म्हणाला, "इचारलं आस्तं तर मी वावर न्हाई म्हनलो आस्तो का?"

"नाही."

"मंग खना आता. नांगराला लागंल आसं वर ठिवू नका."

तो कुदळ घेऊन आला नाही, आणि येऊही नये. आभाळ मोकळं झाल्यावर मी एकट्याने चर खणले. लिंबाजी आता बोलतो, पण फौजी म्हणत नाही.

दिगंबर विजेने गेला, त्यामुळे लढाईत गेलेल्यांच्या यादीत त्याचं नाव नाही. गावात त्याचं नाव मी कधी काढलं नव्हतं. शेवटचा जोड आवळला तेव्हा तोंडातून आपोआप निघालं, "जोडली." वर स्वच्छ ऊन होतं. मी पाना खिशात टाकला आणि चालत घरात आलो. दिगंबरला तेवढं चालायला मिळालं नाही.