गुळावरचा अंगठा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बहिणीला नाही — आणि जिला सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? कोण जाणे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून धीर होत असेल.

कोल्हापुरात आम्हा लहान गूळवाल्यांचा एक गट आहे. सगळ्यांचा माल गोळा करून गुजरातेत पाठवायचं काम माझ्याकडे. पण ट्रक भरल्याशिवाय हलत नाही, आणि ज्याचा माल थोडा, तो बाकीच्यांची वाट बघत बसतो. तोवर गुळाला पाणी सुटतं. मुरगूडजवळ गुऱ्हाळ चालवणाऱ्या कमलअक्का याला वैतागल्या होत्या. बैठकीत उठून म्हणाल्या, "रेल्वेनं चार रवे बी जात्यात की! ट्रक भरायची वाट कशापायी बघायची?" रवा म्हणजे कापडात बांधलेली गुळाची ढेप.

मग ठरलं, एकदा ताडूनच बघू. अक्कांच्याच गुऱ्हाळातले रवे तीन वाटांनी अहमदाबादला पाठवायचे — काही ट्रकनं, काही रेल्वेच्या पार्सल डब्यातून, काही ट्रॅव्हल्सच्या डिकीतून. कुठला वेळेवर पोचतो, कुठला फुटतो, कुठला पाझरतो ते बघायचं. बघणार कोण? मी. गटातल्या कुणीही त्यावर चकार शब्द काढला नाही, इतका माझ्यावर भरवसा.

ट्रक माझ्या दाजींचा होता. उचगावला असतात ते. बहिणीचा सगळा संसार त्या ट्रकवर. रेल्वे सरस ठरली तर? दाजी मला काही म्हणाले नव्हते बरं का — त्यांना आजही ठाऊक नाही. मीच घाबरलो. आणि घाबरून काय केलं?

आमच्यात गूळ अंगठ्यानं दाबून बघतात. घट्ट गूळ दाद देत नाही, मऊ गुळावर ठसा उठतो. अक्कांचा शेवटच्या काहिलीतला, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईतला, गूळ जरा मऊ उतरला होता. बांधायच्या आधी मी एकेक रवा दाबत गेलो. घट्ट लागला की ट्रकचा, ठसा उठला की रेल्वेचा. अक्का तिथंच होत्या, माझ्यासाठी उसाचा रस गाळत होत्या.

मी त्याच रेल्वेनं गेलो. गाडीनं हिसका दिला की वाटायचं, फुटला. अहमदाबादच्या फलाटावर हमालांनी रवे उतरवले तेव्हाही वाटलं, आता तर भुगाच. व्यापाऱ्याच्या गोदामात पोचलो तर ट्रकचे रवे आधीच आले होते. ते सोडले — इतका घट्ट गूळ, तरी दोन रव्यांचे कोपरे उडालेले. डिकीतले इंजिनाच्या धगीनं चिकट झालेले. मग रेल्वेचा पहिला सोडला.

अख्खा. कोपरा न् कोपरा शाबूत. आणि मधोमध माझा अंगठा — जसा दाबला होता तसाच, त्याच्या बारीक रेघांसकट! दुसराही तसाच. तिसराही. मी खालीच बसलो. एवढं मोठं लोखंडी धूड, इतके रूळ, इतके पूल, इतक्या अनोळखी माणसांचे हात — त्यातल्या एकालाही अक्का ठाऊक नाहीत, मी ठाऊक नाही — आणि बोटानं दबणारा गूळ इतक्या लांबवर जसाच्या तसा? जन्म गुळात गेला माझा, पण असं नवल मी पाहिलं नव्हतं. हात जोडावेसे वाटले. कुणाला, ते कळेना.

व्यापारी चहा सांगायला बाहेर गेला होता.

मी रवा उचलला आणि फरशीवर टाकला. फुटला नाही. खरं सांगतो, पहिल्यांदा फुटला नाही! पुन्हा उचलला, डोक्याच्या वर नेला, आणि आपटला. मग बाकीचेही. फोटो काढून गटावर टाकला — "रेल्वेचा माल."

परतल्यावर बैठक झाली. मला वाटलं, अक्का भांडतील, उलटतपासणी घेतील. त्या एवढंच म्हणाल्या, "तुमी सवता डोळ्यानं बघितलंसा न्हवं? मग झालं की. माझाच गूळ कच्चा निघाला असंल." आणि खाली बसल्या. एका माणसाचा दुसऱ्यावर इतका विश्वास असू शकतो? त्या गोदामातल्या अख्ख्या रव्यांइतकंच हेही मला आजवर उलगडलेलं नाही.

रेल्वेचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. पुढच्या हंगामात अक्कांचा गूळ ट्रकची वाट बघत पाझरला, आणि त्यांनी गुऱ्हाळ बंद केलं. ऊस आता कारखान्याला जातो. दाजींनी तो ट्रक विकून कागलजवळ धाबा टाकलाय. छान चाललाय.

गेल्या महिन्यात मुरगूडला गेलो होतो. अक्कांनी हाक मारून घरात बसवलं, पुढ्यात गूळ-पाणी ठेवलं. जरा ओशाळून म्हणाल्या, "इकतचा हाय. आमचा कच्चाच व्हायचा, तुमाला ठावंच हाय."

मी तो गूळ खाल्ला. वर पाणी प्यालो.