शेवटचे कडवे

पुंजाराम हिवराळे गात कमी आणि बोलत जास्त. हलगीचा ठेका धरला, की एका श्वासात दहा-बारा ओळी झपाझप सुटत आणि शेवटचा शब्द नेमका ठेक्यावर पडे. दिवसभर चिकलठाण्याच्या कारखान्यात लेथवर उभे राहायचे आणि संध्याकाळी वस्त्यावस्त्यांतून जलसा करायचा, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम होता. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचे नाव आलेच पाहिजे, हा जलशाचा रिवाज त्यांनी कधी मोडला नाही.

अठ्ठ्याहत्तर साली मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला, आणि त्या रागापोटी मराठवाड्यातल्या कितीतरी वस्त्या पेटवून देण्यात आल्या. पुंजारामांचे गावाकडचे घरही त्यात गेले. त्यांची आई भागूबाई याच विद्यापीठाच्या बांधकामावर दगड वाहत असे. जिचे डोके दगड वाहायला चालले, तिच्या बाबासाहेबांचे नाव त्या दगडांवर का चालू नये? या संतापातून त्यांचे सर्वांत गाजलेले गाणे आले. त्याचा शेवट असा होता :

माय माझी दगड वाही, कमान झाली भारी,
नाव लिहाया गेलो तिथं, लाठी उभी दारी.
पुंजाराम पुसतो राजा, घाम चालतो, नाव का नाही?
उत्तर येवो, तोवर माझी हलगी थांबत नाही.

गाणे क्रांती चौकापासून खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचले, तेव्हा कॅसेटचे व्यापारी नानासाहेब घरी आले. ते एका चित्रपटात भागीदार होते. गाणे चित्रपटात घेतो आणि पुंजारामांनाही पडद्यावर आणतो, असे त्यांनी सांगितले. पुढे ठेवलेल्या कागदावर पुंजारामांनी तिथल्या तिथे सही केली. ते निरक्षर नव्हते. पण नाव गाण्यातच ओवलेले असताना ते कागदात कशाला शोधायचे, असे त्यांना वाटले. जलशात वाढलेल्या माणसाचीच ही चूक.

चित्रपट लागला, त्या दिवशी अर्धी वस्ती थिएटरात होती. गाणे सुरू झाले. कामगारांच्या घामाची पहिली कडवी नायकाच्या तोंडी होती, आणि नायकाच्या मागे, गर्दीत, पुंजाराम मुकाट्याने हलगी वाजवीत होते. शेवटचे कडवे आलेच नाही. नायक नायिकेचा हात धरून निघून गेला.

"अवं, तुमचं नाव कुठं गेलं?" त्यांच्या पत्नी द्वारकाबाईंनी विचारले.

पुंजाराम खुर्चीवरून उठले आणि पुढचा प्रसंग चालू असताना त्यांनी कापलेले कडवे खड्या आवाजात पुरे केले. वस्तीने टाळ्या वाजवल्या. डोअरकीपरने त्यांना हाताला धरून बाहेर काढले.

दुसऱ्या दिवशी ते नानासाहेबांच्या दुकानात गेले. नानासाहेबांनी कागद वाचून दाखवला. त्यात शब्द आणि चाल, दोन्ही नानासाहेबांची असल्याचे लिहिले होते.

"शाहीर, वाचून सही करायची असते," नानासाहेब म्हणाले. "आणि नावाचं एवढं काय घेऊन बसलात? पडद्यावर दिसलात ना?"

"दिसलो की. माझ्याच गाण्याला मागं उभा राहून हलगी वाजवताना दिसलो."

पुंजारामांनी दोन टेपरेकॉर्डर घेऊन घरातच कॅसेट भरण्याचा धंदा मांडला. गाणे पूर्ण, शेवटच्या कडव्यासह. आठवडी बाजारात त्या कॅसेट हातोहात खपू लागल्या.

विद्यापीठाच्या नामांतरासाठी झालेल्या पुढच्या सत्याग्रहात क्रांती चौकात पुंजाराम पकडले गेले. जमावबंदी मोडल्याचा आरोप सर्वांवरच होता. त्यांच्यावर एक आणखी होता : भडकाऊ गीत रचल्याचा. पुरावा म्हणून पोलिसांनी त्यांचीच कॅसेट जोडली होती. या आरोपात शिक्षा झाली, तर कारखान्यातली नोकरी जाणार, हे साहेबाने आधीच कळवले होते.

हर्सूलच्या तुरुंगात वकील भेटायला आले. बरोबर द्वारकाबाई होत्या.

"सुटका आहे," वकील म्हणाले. "तो सिनेमाचा कागद न्यायालयात दाखवू. गीत नानासाहेबांचं, तुम्ही नुसतं गायलात. रचल्याचा आरोप उडतो, नोकरीही राहते."

पुंजारामांना हसू आवरेना. ज्या कागदाने नाव नेले, तोच आता भाकर वाचवणार होता. मग त्यांनी पत्नीकडे पाहिले. नोकरीवर चार माणसांचे पोट होते.

"तू काय म्हणतीस?"

"मी काय म्हणू? सिनेमावाल्यानं नाव चोरलं तवा दोन दिस जेवला नाय. आता तुमच्याच हातानं देऊन टाका. पन मग घरी येऊन जेवायचं बरं का. रुसून बसलात तर मी वाढायची नाय."

वकिलांनी कागदपत्रांची पिशवी बंद केली.

सुनावणीच्या दिवशी सरकारी वकिलांनी ते गीत बाजाराची यादी वाचावी तसे वाचले. न्यायाधीशांनी विचारले, "हे गीत तुम्ही रचलं?"

"व्हय साहेब, मीच. पन त्यांनी एक ओळ सोडली. 'पुंजाराम पुसतो राजा', ही. ती कागदावर घ्यावी, एवढी विनंती हाय."

"त्या ओळीनं तुमचाच गुन्हा शाबीत होतो, हे कळतं का?"

"कळतं साहेब. तिच्याशिवाय गाणं पुरं होत नाय."

न्यायाधीशांनी लेखनिकाला खूण केली. पुंजारामांनी ओळ सावकाश सांगितली, लेखनिकाने लिहिली, आणि ती बरोबर लिहिली आहे का, हे पुंजारामांनी पुढे वाकून तपासले. या खेपेस वाचूनच त्यांनी सही केली.

तीन महिन्यांची शिक्षा झाली. नोकरी गेली. परत आल्यावर त्यांनी आपली सगळी गाणी पुन्हा बांधायला घेतली. नाव आता शेवटी नव्हते. ते प्रत्येक कडव्याच्या मधोमध, ठेक्याच्या ऐन जोरावर पडे. ते कापायचे, तर सगळे गाणेच कापावे लागे.