दोन बोटांचा ‘क’
काल दाल बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानात खरकागदाचा वास आला आणि मी शिकवायचे ती आमची जुनी बालशाळा आठवली. ती थाटीपूरच्या मोठ्या शाळेत विलीन झाली, तेव्हा तिथे वाचन शिकवायला टॅब्लेट होते. माझा त्यांच्यावर पहिल्यापासून विश्वास नव्हता. आमची मुलं खरकागदाच्या अक्षरांवरून दोन बोटं फिरवत, मॉन्टेसरीची पद्धतच ती. एका मुलीनं काचेवरही तशीच फिरवली, तर ‘क’ मोठा होऊन सरकला. "बाई, हा तर भागतोय," ती म्हणाली. टॅब्लेटनं तिला कच्च्या गटात टाकलं. मी तिचे डोळे झाकून खरकागदाची अक्षरं हातात दिली, तिनं एकूणएक ओळखली. नव्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, "मशीनला कुणाशी काय वैर? तिला एक बोट शिकवा." शिकवलं, टॅब्लेट तिच्या प्रत्येक बरोबर अक्षराला टिंग वाजू लागला आणि ती पक्क्या गटात गेली. मग एकदा खरकागदाच्या ‘क’वरून तिनं एकच बोट फिरवलं आणि तशीच बसून राहिली. "टिंग नाही वाजलं बाई. बरोबर आहे ना?" काल दुकानात मी खरकागदावर दोन बोटांनी ‘क’ काढला, तेवढ्यात दुकानदाराचा मोबाईल टिंग वाजला. मला क्षणभर बरं वाटलं, त्या बरं वाटण्याचा राग अजून गेलेला नाही.