वरच्या खाचरातलं खत

माझं माहेर बेलापूरचं. तिथं शेत सपाट, ऊस आणि पाटाचं पाणी. युरिया टाकला की तो आपल्याच सरीत राहतो, एवढंच मला ठाऊक. लग्न होऊन अकोले तालुक्याच्या डोंगरात आले, तर इथं भाताची खाचरं पायऱ्यांसारखी एकाखाली एक. आमचं खाचर वर आणि लगेच खाली चुलत सासूबाईंचं. मी त्यांना काकी म्हणते, पण तेव्हा म्हणायची वेळ क्वचितच यायची. वाटण्या झाल्या तेव्हा बांध कुठं फोडून पाणी खाली सोडायचं, यावरून त्यांचं आणि माझ्या सासूबाईंचं बिनसलं होतं. दोघी जावा एकाच पाणवठ्यावर जायच्या, पण वेगवेगळ्या वेळी.

एका पावसाळ्यात भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, उरकल्यावर आम्ही नेहमीसारखा युरिया फेकला. त्याच दुपारी पाऊस लागला तो हटेचना. पाणी बांधावरून खाली धो धो वाहत राहिलं. पुढं उघडीप मिळाली तेव्हा आमचा भात पिवळट आणि काकींचा हिरवा, नुसता काळाभोर.

"तिनं कायतरी भारी औषध टाकलं असंल," सासूबाई म्हणाल्या. नवऱ्यानं आणखी एक गोणी आणायचं ठरवलं.

मी बेणणी करत, भातातलं तण उपटत होते तेव्हा काकी खालून बांधापाशी आल्या.

"तुमी युरिया टाकला हुता ना गं?"

"हो, पावसाच्या आधी."

"मी औंदा चिमूटबी टाकला न्हाई. आन् बघ कसा माजलाय. तुमचं सगळं खत माझ्याकडं आलंय."

मला वाटलं, त्या खूश असतील. पण त्यांनी भाताच्या रोपांचा एक चूड मुठीत धरून दाखवला. पानं लांबलचक, काडी मऊ. "ह्यो उभा ऱ्हायचा न्हाई. वारं सुटलं की लोळंल. तुमचंबी गेलं आन् माझंबी जाईल. आता आनखी टाकू नका म्हनावं, तेबी खालीच यील."

घरी येऊन मी सांगितलं. खताचं राहिलं बाजूला, सासूबाईंनी विचारलं, "ती बोलली? आपल्या आपन?"

गोणी आणली नाही. काकींचा भात मात्र खरंच लोळला, ऐन लोंब्या भरल्यावर. सासूबाईंनी वरून पाहिलं, विळा घेतला आणि मला म्हणाल्या, "चल. पान्यात पडलाय, आत्ताच कापू, न्हाईतर दानं उगवून येतील." काकींनी बाजूला सरकून आम्हांला जागा करून दिली.

पुढच्या वर्षी आवणीआधी गावात कृषी सहायकानं गोळी खत दाखवलं. युरिया आणि डीएपी दाबून केलेल्या, चिंचोक्यापेक्षा जराशा मोठ्या गोळ्या. दोरी धरून सरळ ओळींत आवणी करायची आणि चार चुडांच्या मधोमध एक गोळी चिखलात खोल दाबायची, म्हणजे ती पाण्याबरोबर वाहून जात नाही.

"एवढं वाकायला मानसं कुठनं आनायची?" नवरा म्हणाला.

"मी येते," काकी म्हणाल्या. "तुमचं खत वर ऱ्हायलं तरच माझा भात उभा ऱ्हाईल. मंग माझ्यात तुमी या."

आधी आमचं खाचर घेतलं. डोक्यावर प्लास्टिकचे कागद, घोट्याच्या वर चिखल. दोन्ही म्हाताऱ्या शेजारशेजारच्या ओळींत. माझी कंबर धरली, बोटं आंबली, पण त्या दोघींचं तोंड चालूच.

"खोल दाब, गोळी वर दिसतीया," सासूबाई म्हणाल्या.

"तू तुझी वळ बघ. कुठं चाललीय ती?"

ओळ खरंच वाकडी गेली होती. सासूबाई कंबरेवर हात ठेवून हसल्या, तशा काकीही हसल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही खाली उतरलो.

त्या वर्षीही पाऊस कोसळला. पण उघडल्यावर पाहिलं तर दोन्ही खाचरं एकाच रंगाची. सुगीला भात ताठ उभा होता. खतही आम्हांला आधीपेक्षा कमी लागलं.

आता आमच्याही वरच्या खाचरांचे दोघे शेतकरी यंदा गोळी लावायचं म्हणताहेत. काल ते विचारायला आले होते. नवरा सांगायला लागला, तर दोन्ही जावांनी त्याला मध्येच थांबवलं आणि ओट्यावर बसून दोघीच सांगू लागल्या, एकीचं वाक्य दुसरी पुरं करत.