मोरीवरचा कर्मणी प्रयोग

"गुरुजींनी आम्हांस इंग्रजीतला कर्मणी प्रयोग शिकवला आणि स्वतःही जन्मभर त्याच्याच आड उभे राहिले. माळ्यांच्या अर्जातून त्यांनी ओव्हरसिअरचे नाव गाळले आणि चौकशीच्या दिवशी तोंड उघडले नाही."

आमच्या वाशीमच्या शाळेच्या स्मरणिकेत हे लिहिणारे गृहस्थ माझे जुने विद्यार्थी, आता निवृत्त वकील. माझा अपमान करतानासुद्धा त्यांचे व्याकरण शुद्ध आहे, याचे श्रेय मी घेतो. बाकीचे नाकारतो.

नाव गाळले, हे खरे. गावाबाहेरच्या सडकेखालची, मळ्यांना पाणी नेणारी मोरी रस्त्याच्या ओव्हरसिअरने दगडमाती टाकून बुजवली होती, कारण माळ्यांनी त्याला रोजची फुकट भाजी देणे थांबवले होते. मोरीपलीकडची वांगी आठ दिवसांत माना टाकू लागली. (वकीलसाहेब मेथी म्हणतात. भर उन्हाळ्यात मेथी त्यांनी कोठे पाहिली, ते त्यांनाच ठाऊक.) गोऱ्या साहेबांच्या नावे इंग्रजी अर्ज लिहून घ्यायला एक वयस्क माळी आणि त्याची बायको माझ्याकडे आली. मी पहिल्याच ओळीत ओव्हरसिअरचे नाव घातले आणि वाचून दाखवले.

"मास्तर, नाव कायले टाकता?" माळी म्हणाला. "मले पानी पायजे. त्याची नोकरी घेऊन मी काय करू?"

"तो रोज आमच्या वाटेनं जाते," बायको म्हणाली. "तुमी लिवा, पानी बंद झालं. कोनं केलं ते साऱ्या गावाले मालूम हाये."

"साहेबाले मालूम नाही, बाई," मी म्हणालो.

"मंग साहेब इचारल."

मी कागद फाडला आणि दुसरा लिहिला : मोरी बंद करण्यात आली आहे. कर्ता गाळण्याची सोय मी वर्गात रोज शिकवत असे. सरकार तर तिच्यावरच चाले. कर बसवला जाई, माणूस काढला जाई. बसवणारा आणि काढणारा कोणाच्या दृष्टीस पडत नसे. ती सोय एकदा माळ्यांच्याही कामी आली, तर त्यात माझा भित्रेपणा तो कोणता?

साहेब पाहणीला आले. अर्ज वाचून त्यांनी विचारले, "बंद करण्यात आली, ती कोणाकडून?" माळी खाली पाहू लागले. पाटील आभाळाकडे पाहू लागले. स्वतः ओव्हरसिअर साहेबांच्या डोक्यावर छत्री धरून उभा होता.

"तुमच्यावर ज्यांनी छत्री धरली आहे, त्या गृहस्थांकडून," मी म्हणालो.

संध्याकाळच्या आत मोरी मोकळी झाली.

वकीलसाहेब त्या दिवशी तेथे नव्हते. मी दिलेली वाक्ये ते वर्गात बसून सोडवीत होते. त्यांचा सारा आधार साहेबांच्या अहवालाच्या नकलेवर. तीत लिहिले आहे, "असे निदर्शनास आणण्यात आले." कोणी आणले, ते नाही. म्हणून यांनी ठरवले की मी गप्प होतो. मग बोलले कोण? ओव्हरसिअर? की मोरी?

माळी हयात नाहीत, साहेब विलायतेस गेले, साक्षीला कोणी उरले नाही. न उरो. त्या मोरीवर उभ्या असलेल्या सर्व माणसांपैकी पंधरा दिवसांच्या आत वाशीमहून बदली झाली ती एकाचीच, आणि ती ओव्हरसिअरची नव्हे, माझी.